कचरापेटीतला होकार

रविवारी जावयाने सासऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं, तेव्हा आतून एक झुरळ बाहेर आलं. ते काही पळत वगैरे नव्हतं. आधी त्याने मिशा बाहेर काढल्या, मग डोकं, मग हवामानाचा अंदाज घेतला आणि टेबलावरच्या पावतीपुस्तकावरून रमतगमत जाऊन ते भिंतीवरच्या पाटीमागे गेलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘झुरळांपासून कायमची मुक्ती. लेखी हमी.’

जावयाने हात शर्टाला पुसला. मग त्याला शर्टाची किळस आली.

किळस येणं हा त्याचा जुना धंदा होता. परक्या घरी चहा मिळाला तर तो कप डाव्या हातात धरायचा, कारण जग उजव्या हाताने पितं आणि त्यामुळे कपाची पलीकडची कड अजून कोरी असते. असा माणूस उंदीर, झुरळं आणि वाळवी मारणाऱ्याच्या घरात येऊन पडला, याला कारण त्याची बायको. लग्नाआधी तिने वडिलांचा व्यवसाय ‘आरोग्य क्षेत्र’ असा सांगितला होता.

घराची रचना अशी की खाली पुढे ऑफिस, मागे औषधांचं गोदाम, वर सासू-सासरे आणि मागच्या बाजूला, बरोबर गोदामाच्या डोक्यावर, जावई आणि त्याची बायको. ‘तात्पुरते’ राहत होते. हा शब्द तो स्वतः वापरायचा. बाकी सगळे घरजावई म्हणायचे. सकाळी गोदामाचं शटर वर गेलं की खालून एक गोडसर, सडक्या फळासारखा वास जिना चढून यायचा. उंदराला आवडावा म्हणून मुद्दाम बनवलेला वास तो. बायको या वासातच लहानाची मोठी झालेली, तिला कधी काही वाटलं नाही. पण दिवस गेल्यापासून नुसत्या शटरच्या आवाजाने ती बेसिनकडे धावू लागली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, बाळ यायच्या आत एक तर गोदाम हलवा, नाहीतर तुम्ही हला.

हलायची ऐपत नव्हती. म्हणून सगळं येऊन टेकलं होतं बिस्किटांच्या कारखान्यावर. कारखान्याचं वर्षभराचं काम मिळालं तर आवारातच एक शेड मिळणार होती आणि विषाच्या सगळ्या पिंपांसकट गोदाम तिकडे जाणार होतं. बिस्किटांच्या शेजारी विष ठेवणार म्हटल्यावर जावयाने त्या कारखान्याची बिस्किटं कायमची सोडली. बापाला एवढा त्याग करावाच लागतो.

आणि शनिवारी कारखान्याचा मेल आला होता. काम तुम्हाला द्यायचं ठरलं आहे, सोमवारी संध्याकाळपर्यंत याच मेलला उत्तर देऊन होकार कळवा, नाहीतर पुढच्या अर्जदाराला बोलवू. सासऱ्यांनी मेल वाचला, घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि उत्तर दिलं नाही.

“लगेच हो म्हटलं की माणूस भुकेला दिसतो,” ते म्हणाले. “सोमवारी देऊ. जेवून.”

मधे रविवार होता, एवढीच चूक.

तर रविवार. जावई एका पडद्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर पानंफुलं काढायचा, म्हणजे पडद्यांवरची. पण ‘कॉम्प्युटरवर बसतो’ एवढंच घरच्यांच्या कानात शिरलं होतं, त्यामुळे घरातलं वायर असलेलं सगळं त्याच्याकडे यायचं. सासऱ्यांचा कॉम्प्युटर चालू झाला की आधी खोकायचा, मग वजन कमी करण्याच्या चार जाहिराती दाखवायचा, मग झोपायचा. कीबोर्डचं तर नावच नको. सासरे स्कूटरच्या किल्लीने कान कोरायचे आणि त्याच बोटांनी कोटेशनं टाइप करायचे. सगळ्यात जास्त लागणाऱ्या अक्षरांवर पिवळसर मेण चढलं होतं. स्पेसबार दाबला की खाली जायचा आणि बराच विचार करून वर यायचा. पेटीतल्या पंख्याला राखाडी लोकर आली होती आणि त्या लोकरीत पाय होते. नुसते पाय. मालक कुठे गेले होते देव जाणे.

ते बघितल्यावर जावयाने ठरवलं की वरवर पुसून भागणार नाही. त्याने सगळं उडवून नवी सिस्टिम टाकली. फाइल्स आधी पेन ड्राइव्हवर घेतल्या, तेवढी अक्कल होती. मेल घेतले नाहीत. मेल काय, वर कुठेतरी असतातच, असं त्याचं मत होतं. मत चुकीचं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

सोमवारी त्याने रजा टाकली होती. सकाळी सासरे खुर्चीत बसले, कोरा करकरीत पडदा बघून खूश झाले आणि म्हणाले, “वा. आता मेल कुठे आहेत?”

“टाकतो,” जावई म्हणाला. “पासवर्ड सांगा.”

“पासवर्ड नव्हताच. मी बसायचो आणि मेल यायचे.”

जावयाने समजावून सांगितलं की पासवर्ड असतोच, फक्त जुन्या सिस्टिमने तो लक्षात ठेवला होता आणि जुनी सिस्टिम आता हयात नाही. सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघितलं, झुरळांबरोबर मांजरही मारून ठेवलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

मग घरचे कामाला लागले. सासूबाईंनी आपला वाढदिवस टाकून बघायला सांगितला. सासऱ्यांनी तो कधी असतो ते विचारलं. वरून बायकोने गेलेल्या कुत्र्याचं नाव सुचवलं. सासऱ्यांनी उंदराच्या औषधाचं नाव सुचवलं, मग वाळवीच्या. सगळी औषधं संपली तेव्हा पडद्यावर आलं, पुरे झालं, आता काही वेळ थांबा किंवा ज्याचा शेवट सत्तावीसने होतो त्या नंबरवर कोड मागवा.

“सत्तावीस कोणाचा?” जावयाने विचारलं.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. “त्याचा,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघितलं.

खिडकीबाहेर रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे काकांचं दुकान. काका म्हणजे सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ. एके काळी दोघांचा धंदा एकच होता, आणि मेलचं खातं काकांनीच उघडलं होतं, स्वतःचा नंबर देऊन. पुढे दोघांचं फाटलं. जमीन, बाई, वाटणी, असलं नेहमीचं काही नव्हतं. उंदीर विषाने मारावा की गोंदाने, यावर फाटलं. सासरे विषवाले. त्यांचं म्हणणं, उंदराने खावं, आपल्या घरी जावं आणि सभ्यपणे मरावं. काका गोंदवाले. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला उंदीर दिसला पाहिजे, नाहीतर त्याला काम झाल्यासारखं वाटत नाही. या तात्त्विक मतभेदावर दोन भाऊ वेगळे झाले, समोरासमोर दुकानं टाकून बसले आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलले नाहीत. रस्ता ओलांडायलाही ते वेगवेगळी ठिकाणं वापरत.

“तुम्ही जा,” सासरे जावयाला म्हणाले. “भांडण रक्ताचं आहे. तुम्हाला ते लागू नाही.”

काकांच्या दुकानात शिरण्याआधी जावयाने दोन्ही हात खिशात घातले. आत सगळीकडे गोंद होता. गोंदाचे डबे, गोंदाच्या पाट्या, काउंटरवर गोंदाचे ओघळ, आणि ओघळांवर जे जे येऊन बसलं होतं ते ते: माश्या, एक पंख, शर्टाचं बटण, कोणाचा तरी पांढरा केस. भिंतीला नमुन्यादाखल एक पाटी टांगलेली. पाटीवर उंदीर. जावयाला वाटलं, प्लास्टिकचा असेल. मग उंदराने त्याच्याकडे बघितलं.

“या जावईबापू,” काका म्हणाले. “पाणी घेणार?”

पाणी त्यांनी ज्या पेल्यातून पुढे केलं, तो काउंटरवरून उचलताना चर्र आवाज झाला. जावयाने आज पाणी पीत नसल्याचं सांगितलं. कोडचं बोलला. काकांनी कशासाठी, कोणाचा, काही विचारलं नाही. लगेच फोन काढला, कोड वाचून दाखवला, जावयाने तो आपल्या फोनवर टाकला आणि नवा पासवर्ड काय ठेवायचा असं विचारणारा चौकोन आला. हे सगळं त्याने एकाच अंगठ्याने, कुठेही न टेकता केलं.

“काय ठेवताय?” काकांनी सहज विचारलं.

“असंच काहीतरी,” जावई म्हणाला आणि फोन छातीशी धरून टाइप करू लागला. वैरी तो वैरी.

काकांनी थोडा वेळ भिंतीवरच्या उंदराकडे बघितलं. “बरं,” ते म्हणाले. त्या ‘बरं’मध्ये काहीतरी होतं, पण जावयाला तिथून निघायची घाई होती.

तो परत आला तो विजयी मुद्रेने. दहाही बोटं वर करून त्याने सासूबाईंना दाखवली. एक थेंब नाही.

पुढचं काम मात्र वाटलं होतं तेवढं सरळ नव्हतं. मेलचा नवा प्रोग्रॅम म्हणाला, येणाऱ्या टपालाचा सर्व्हर कोणता, जाणाऱ्याचा कोणता, दार कितवं, कुलूप कुठलं. जावयाने फोनवर शोधून शोधून एकेक रकाना भरला. शेवटी मेल धबाधबा येऊ लागले. त्याने स्वतःला एक मेल पाठवून बघितला, तर तो जाईना.

“काय झालं?” सासऱ्यांनी विचारलं.

“आत येतंय. बाहेर जात नाही.”

“अरे, मग हे तर माझंच झालं,” सासरे म्हणाले आणि सासूबाईंनी मान हलवून दुजोरा दिला. सकाळी कोणत्या प्रयत्नांना यश आलं नव्हतं हे सासऱ्यांनी सांगायला घेतलं, तेव्हा जावई पडद्याच्या इतका जवळ सरकला की त्याचं नाक काचेला टेकलं. तिथेच त्याला तो बारका चौकोन दिसला: ‘पाठवतानाही पासवर्ड वापरा.’ त्याने खूण केली. मेल गेला. सासरे म्हणाले, माझ्यासाठीही असा एखादा चौकोन बघा, आणि जेवायला वर गेले. जेवताना ते जिन्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात सासूबाईंना सांगत होते की या शहरातले ढेकूण आपण संपवले, किती वर्षांत ढेकणांसाठी एक मेल आलेला नाही, लोक सुधारले.

खाली जावई एकटा उरला. पडद्यावर डाव्या बाजूला कप्प्यांची रांग होती. आलेले मेल, पाठवलेले मेल, आणि सगळ्यात खाली कचरापेटी. कचरापेटीपुढे कंसात पाच आकडी संख्या होती.

त्याला आतून शहारा आला. वर्षानुवर्षांचा कचरा. कधी कोणी उचललेला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ती पंख्यातली लोकर आली, लोकरीतले पाय आले, स्पेसबारवरचं मेण आलं. या घरात एक तरी गोष्ट मुळापासून स्वच्छ करता येत होती, आणि तीही हात न लावता. त्याने बटण दाबलं. पडद्याने विचारलं, कायमचं पुसायचं का? परत मिळणार नाही. जावयाने ‘हो’ दाबलं, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा त्याला स्वच्छ वाटलं. आंघोळीनंतर वाटावं तसं. कंस रिकामा झाला, मग कंसही गेला.

सासरे जेवून आले. दात कोरत खुर्चीत बसले, बोटं चोळली आणि म्हणाले, “चला. देऊन टाकू होकार.”

त्यांनी माऊस हातात घेतला. बाण ‘आलेले मेल’वरून खाली घसरला, ‘पाठवलेले’वरून घसरला आणि थेट कचरापेटीवर जाऊन थांबला. तिथे क्लिक झालं.

“इथे होतं,” सासरे म्हणाले.

“काय?”

“सगळं.”

जावयाला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं असेल. त्याने पुन्हा विचारलं. सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं की महत्त्वाचा मेल आला की ते तो वाचतात आणि लगेच कचरापेटीत टाकतात, म्हणजे सुरक्षित राहतो. बिनमहत्त्वाचे वर राहू देतात.

“पण बाबा, कचऱ्यात का?”

“मी आयुष्यभर लोकांच्या घरात शिरतोय,” सासरे म्हणाले. “चोर येतो तो कपाट बघतो, गादी बघतो, पिठाचा डबा बघतो. कचऱ्याच्या डब्यात हात कोण घालतं? कोणी नाही. मी घालतो, कारण उंदीर तिथे असतो. खातं त्याने उघडलेलं,” त्यांनी हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं, “तो डोकावत असणार. मग ठेवायचं कुठे?”

आलेल्या मेलांमध्ये काय उरलं होतं ते जावयाने बघितलं. वजन कमी करा. केस वाढवा. वजन कमी करा.

त्याने कारखान्याला फोन लावला. फाटकावरचा माणूस म्हणाला, साहेबलोक फोनवर काही घेत नाहीत, आलेल्या मेललाच उत्तर द्या. जावयाने पत्ता मागितला. तो म्हणाला, मेल आला असेल तर मेलवरच असेल की, आणि ठेवला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

मागे कोणीतरी माल काढायला गोदामाचं शटर वर केलं. वर दार आपटलं, धावत्या पावलांचा आवाज आला आणि मग बेसिनचा नळ सुटला. नळ बराच वेळ चालू राहिला. सासूबाई जिना चढून गेल्या. सासरे रिकाम्या कचरापेटीकडे बघत बसले होते. त्यांनी जावयाला शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी किल्ली काढली आणि कान कोरायला घेतला, पण कोरला नाही.

जावई उठला. “सर्व्हरच्या माणसाला विचारून येतो,” तो म्हणाला. सर्व्हरचा माणूस कुठे राहतो हे कोणी विचारलं नाही. मागच्या दाराने, गोदामातून, नाक दाबून तो बाहेर पडला आणि लांबून वळसा घालून रस्ता ओलांडला.

“आलात?” काका म्हणाले. “वाटलंच. सकाळपासून फोन सारखा सांगतोय, पासवर्ड चुकला.”

जावयाला समजायला क्षणभर लागलं. “तुम्ही बाबांचे मेल वाचता?”

“वाचत कुठे बसू. उत्तरं देतो.”

काकांनी फोन काउंटरवर त्याच्यापुढे सरकवला. फोन सरकला नाही, काउंटरला चिकटला, मग त्यांनी तो उपटून पुढे केला. जावयाने दोन बोटांनी घेतला. काचेवर बोटांचे ठसे होते, उमटलेले नव्हे, उठलेले. पडद्यावर ‘पाठवलेले मेल’ उघडे होते. एका शाळेने वाळवीबद्दल विनंती केली होती. सासऱ्यांचं उत्तर: ‘येऊ. कपाटं तुम्ही हलवा. फोन नको.’ त्याच्याखाली, त्याच खात्यावरून, थोड्या वेळाने गेलेलं दुसरं: ‘आदरणीय बाई, आधीचं उत्तर घाईत गेलं, क्षमस्व. आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. कपाटांची काळजी नसावी.’ जावई खाली सरकत गेला. सगळीकडे तेच. एक धोंडा, एक फुंकर. एक धोंडा, एक फुंकर.

“तो लिहितो तसं नुसतं जाऊ दिलं असतं तर धंदा कधीच बसला असता,” काका म्हणाले. “वहिनींना काय खाऊ घातलं असतं?”

“आणि तुम्हाला काय मिळतं?”

“ढेकूण.”

“म्हणजे?”

“ढेकणांची कामं तो घेत नाही. कमीपणा वाटतो त्याला. म्हणतो, वाळवी मारणाऱ्या माणसाने गाद्या झटकायच्या का. मग ढेकणाचा मेल आला की मी कळवतो, समोरच्या दुकानात विचारा. आणि मेल पुसून टाकतो, त्याला त्रास नको.”

शहर सुधारलं होतं ते असं.

“पण महत्त्वाचे मेल ते कचरापेटीत लपवतात,” जावई म्हणाला. “तुम्हाला कसे सापडायचे?”

काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “मी आधी कचरापेटीच उघडतो. एकाच आईची पोरं आहोत आम्ही.”

आणि त्यांनी ती उघडली. सगळं होतं तिथे. पाच आकडी. सगळ्यात वर बिस्किटांचा कारखाना. जावयाने सकाळी पासवर्ड बदलल्यामुळे काकांचा फोन बाहेर पडला होता, आणि बाहेर पडल्यामुळे दुपारी तिकडे कचरा पुसला गेला त्याची खबर इथे पोचली नव्हती. जावयाच्या एका मूर्खपणाने दुसऱ्याला झाकलं होतं.

“लिहिणारच होतो मी आज,” काका म्हणाले. “त्याने जेवून धोंडा घातला की लगेच. पण आता जाणार कसं? पासवर्ड सांगा.”

“सांगतो, म्हणजे... थांबा,” जावई म्हणाला, आणि त्या फोनवर झडप घालून त्याने तो पूर्ण पंजाने धरला, कारण काकांचं बोट पासवर्डच्या चौकोनाकडे निघालं होतं. आत शिरल्याबरोबर फोनला कळणार होतं की कचरापेटी रिकामी आहे, आणि इथलाही कचरा तो रिकामा करणार होता. आधी उत्तर लिहायचं, पाठवा म्हणायचं, ते दारात अडकून राहू द्यायचं आणि मग दार उघडायचं. जावयाने हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, टाइप तुम्हीच करा मग, माझी बोटं आज फार चिकटतायत.

म्हणून जावयाने टाइप केलं. काका सांगत गेले आणि प्रत्येक अक्षराला त्याचा अंगठा काचेला धरून राहत गेला, सोडताना कातडी ओढली जात गेली. ‘आदरणीय महोदया’ला अंगठा, ‘आनंदाने स्वीकार करतो’ला तर्जनी. ‘कृपाभिलाषी’ लिहीपर्यंत काउंटरवरून फोनला चिकटून आलेला पांढरा केस त्याच्या करंगळीवर आला होता. कपाळावर घाम आला, तो त्याने मनगटाने पुसला, आणि मग मनगटही कपाळाला चिकटलं. भिंतीवरचा उंदीर हे सगळं बघत होता. जावयाला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल काहीतरी वाटलं.

त्याने ‘पाठवा’ दाबलं. उत्तर दारात जाऊन उभं राहिलं.

“सांगा आता,” काका म्हणाले.

सकाळी याच काउंटरपुढे, याच वासात, मनात जे आलं ते त्याने पासवर्ड म्हणून ठेवलं होतं. त्याला वाटलं, आपणच टाकू. पण काकांनी फोन परत घेतला होता.

“हे बघा जावईबापू. आजच्यापुरतं नको. आज तुम्ही टाकून द्याल आणि रात्री बदलाल. मला पाठ पाहिजे. पुढच्या वेळी तो शेडबद्दल कारखान्याला काहीतरी लिहीलच. तेव्हा मी कुठून बघू?”

रस्त्यापलीकडून, वरच्या खिडकीतून, पुन्हा नळाचा आवाज आला. किंवा त्याला तसं वाटलं.

“घाणेरडे काका,” जावई म्हणाला. “जोडून. आणि पुढे एक.”

काकांनी टाइप करायला घेतलं. “एक कशाला?”

“आकडा लागतो.”

“बरोबर,” काका म्हणाले. “दोन नंबर तुमच्या सासऱ्यांना ठेवा.”

चौकोन मिटला. क्षणभर काही झालं नाही. मग उत्तर दारातून निघालं आणि गेलं, आणि त्याच वेळी कचरापेटी वरपासून खालपर्यंत सरसर रिकामी होत गेली. शाळा, वाळवी, कारखाना, सगळं. काकांनी फोन हलवून बघितला.

“गेलं?”

“उत्तर गेलं,” जावई म्हणाला. “बाकीचंही गेलं.”

काकांनी निरोप म्हणून हात पुढे केला. जावयाकडे आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने हात मिळवला. सोडवायला थोडा वेळ लागला.

तो ऑफिसात पोचला तेव्हा सासरे पडद्यापुढे वाकून बसले होते. कारखान्याच्या मॅडमचं उत्तर आलं होतं: होकार मिळाला, आपल्या सौजन्यपूर्ण शब्दांबद्दल आभार, शेडची किल्ली गुरुवारी घेऊन जावी. सासरे ‘सौजन्यपूर्ण’ या शब्दावर बोट ठेवून होते.

“हे कसं जमवलंत?” त्यांनी विचारलं.

“सर्व्हरवर एक प्रत शिल्लक होती,” जावई म्हणाला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. ते तिथे एकमेकांना चिकटले. “मीच उत्तर पाठवून दिलं. तुम्ही म्हणाल तसंच.”

“आता बाहेरचं कोणी डोकावत नाही ना?”

“नाही. नवा पासवर्ड आहे.”

सासऱ्यांनी मान डोलावली. जिन्याकडे तोंड करून त्यांनी वर ओरडून सांगितलं की गुरुवारपासून गोदाम हलवायला घेतोय, पोरीला सांगा. वरून सासूबाईंनी काहीतरी विचारलं, बायको काहीतरी बोलली, आणि मग कितीतरी दिवसांनी ती हसल्याचं ऐकू आलं. जावयाला डोळे पुसावेसे वाटले. पुसायला हात मोकळा नव्हता.

“दाखवा बघू,” सासरे म्हणाले.

त्याने हात ओढून सोडवले आणि पुढे आणले. सासऱ्यांनी चष्मा वर करून बोटं बघितली, करंगळीवरचा पांढरा केस बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही आलं नाही.

“गोडेतेल लावा आधी, मग गरम पाणी,” ते म्हणाले. “तो गोंद साबणाने निघत नाही.”

मग ते पुन्हा पडद्याकडे वळले. पिवळ्या माऊसवर हात ठेवून त्यांनी कारखान्याचा मेल उचलला, हळूहळू खाली आणला आणि कचरापेटीत ठेवला. टाकला नाही. ठेवला, सापडेल असा, सगळ्यात वर.

जावई तेल शोधायला स्वयंपाकघरात गेला. बाटलीच्या तोंडाशी एक झुरळ बसलं होतं.